‘पुन्हा’ या एका शब्दाचा खटला



पर्युषणाच्या तयारीवर लिहीन असे मागच्या वेळी म्हटले होते. ते आता पुढच्या वेळी. मधल्या दिवसांत आमच्या घरात एक पाकीट आले आणि त्याने मला एकशे चाळीस वर्षे मागे नेऊन सोडले.

पाकीट आमचे नव्हते. ओळखीच्या एका जैन कुटुंबातली मुलगी, लग्नाला तीन वर्षे झालेली, गेले आठ महिने परळला माहेरी आहे. का आली ते मी लिहिणार नाही. ओळख पटेल असे काही लिहायचे नाही, या अटीवरच तिच्या आईने मला लिहायला परवानगी दिली आहे. सूर्यास्ताआधीचे जेवण उरकून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात मायलेकी गिरगावात आमच्या दारात उभ्या. आईचा चेहरा उतरलेला, मुलगी गप्प. आईने पिशवीतून पाकीट काढून माझ्या हातात दिले. म्हणाली, “ताई, तुम्ही बी.कॉम. ना, जरा वाचून सांगा यात काय लिहिलंय.”

माझ्या बी.कॉम.चा उपयोग आमच्या घरात एरवी सोसायटीचे मेंटेनन्स बिल तपासण्यापुरताच होतो. पण त्या वेळी आम्हाला व्यापारी कायद्याचा एक पेपर होता आणि त्यातला एक धडा मी कधी विसरले नाही. करारासाठी ‘कन्सिडरेशन’ लागते असे पुस्तकात होते. मी उत्तरपत्रिकेत लिहिले की करार करण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी नीट विचार केला पाहिजे. सरांनी लाल शाईने शून्य दिले आणि वर्गात सांगितले, “बाई, इथे कन्सिडरेशन म्हणजे विचार नव्हे, मोबदला.” सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. कायद्यातला शब्द ओळखीचा वाटला तरी तो आपल्या घरातला नसतो. त्याचे तिकडचे नाव-गाव विचारल्याशिवाय त्याला आत घेऊ नये.

त्या कागदावर वर लिहिले होते, हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ९. आणि खाली, वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना. नवऱ्याने केलेला अर्ज. आईचे प्रश्न सरळ होते. पोलीस येऊन मुलीला घेऊन जाणार का? पाकीट घेतलेच नाही म्हणून परत पाठवले तर? आणि मुलीच्या वडिलांचे म्हणणे वेगळेच, की आपण जैन, आपल्याला हिंदूंचा कायदा कसा लागू होईल, फाडून टाका तो कागद!

मी म्हटले, फाडू नका, उद्या वकिलाकडे जाऊ. त्या गेल्या. पण मला रात्रभर त्या ‘पुनर्स्थापना’ने झोपू दिले नाही. हा शब्द मी आधी कुठे तरी वाचला होता. पहाटे सामायिकाला बसले तेव्हा (मन तिथे नव्हते, हे कबूल करते) आठवले. मोहिनी वर्दे यांनी लिहिलेले डॉ. रखमाबाईंचे चरित्र. कपाटातून काढले आणि पुन्हा वाचायला बसले.

डॉ. रखमाबाई म्हणजे परदेशात शिकून आलेल्या आपल्याकडच्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, एवढे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असते. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. पण डॉक्टर होण्याआधी त्या चार वर्षे मुंबईच्या हायकोर्टात प्रतिवादी होत्या, आणि तो खटला या एकाच शब्दाभोवती फिरला होता.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असताना वारले. आई जयंतीबाई कोवळ्या वयात विधवा झाल्या. त्यांच्या सुतार ज्ञातीत विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. हे सखाराम अर्जुन विद्वान गृहस्थ. वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र दोन्हींत जाणकार. आज आपण ज्याला बीएनएचएस म्हणतो त्या संस्थेच्या १८८३ च्या आठ संस्थापकांपैकी एक.

लग्नाआधी जयंतीबाईंनी एक काम केले. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. याचेही कारण कायद्यात होते. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने लग्नाची परवानगी दिली खरी, पण पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले. जयंतीबाईंनी तो कायदा नीट समजून घेतला होता असे दिसते. मला या बाईंचे फार कौतुक वाटते, पुस्तकात त्यांच्याबद्दल अजून वाचायला मिळायला हवे होते.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा, सावत्र वडिलांच्या नात्यातला, परिस्थितीने गरीब. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे, असे ठरले होते. ते काही जमले नाही. दादाजी आपल्या मामाकडे, नारायण धुर्माजींकडे राहायला गेला. शिक्षण सुटले, प्रकृती बिघडली. आणि इकडे रखमाबाई आईच्या घरी पुस्तके मागवून शिकत राहिल्या. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या साप्ताहिक सभांना जात राहिल्या. आपण बसमध्ये ‘प्रार्थना समाज’ म्हणून तिकीट मागतो, तोच तो समाज. नवऱ्याच्या घरी राहायला त्या एकदाही गेल्या नाहीत. हे ‘एकदाही’ लक्षात ठेवा, खटल्याचा जीव त्यातच आहे.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलांमार्फत नोटीस पाठवली, की बायकोला माझ्या घरी पाठवा. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. त्यांनी नकार दिला. नकाराची कारणे तीन होती: नवऱ्याची प्रकृती, त्याला पोसण्याची ऐपत नसणे, आणि मामाच्या घरचे वातावरण. त्यामागचे खरे कारण मात्र त्यांनी नंतर जगापुढे मांडले. अकरा वर्षांच्या मुलीने दिलेला होकार हा होकारच नव्हे. मालमत्तेवर डोळा ठेवूनच हे चालले आहे, असेही रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे होते. मग दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. दाव्याचे नाव ‘रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राईट्स’. आपल्या परळच्या पाकिटात होते तेच.

आता हा शब्द आला कुठून? मला वाटायचे, जुन्या धर्मशास्त्रातून आला असेल. तसे नाही. हा आला इंग्लंडमधल्या चर्चच्या कोर्टांतून. तिथे लग्न हा चर्चचा विषय, घटस्फोट जवळजवळ अशक्य. तेव्हा घर सोडून गेलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला ‘परत जा’ असा हुकूम देणे हाच काय तो उपाय. ‘रेस्टिट्यूशन’ म्हणजे हिरावलेली वस्तू मूळ मालकाला परत देणे. चोरीचा माल सापडल्यावर धन्याला परत करतात तसे. हीच कल्पना इंग्रज आपल्याबरोबर इकडे घेऊन आले. मुंबईतल्याच एका पारशी जोडप्याचे असले प्रकरण १८५६ मध्ये थेट विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले होते. चर्चच्या कायद्याखाली पारशांचा असा दावा चालणार नाही, असे तिथे ठरले. पुढे १८६७ मध्ये एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेच इथल्या दिवाणी कोर्टांना असे दावे ऐकता येतील असे सांगितले, आणि दार उघडले.

रखमाबाईंचा खटला न्यायमूर्ती पिन्हे यांच्यापुढे आला. रखमाबाईंच्या बाजूच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. आपल्याकडचे एवढे मोठे संस्कृत पंडित, पुढे हायकोर्टाचे न्यायाधीश झालेले. २१ सप्टेंबर १८८५ ला निकाल लागला. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्याच वर्षी, निकालाच्या आधीच वारले होते. ते असते तर त्या दिवशी कोर्टात कसे बसले असते, असे वाटून गेले.

पिन्हे यांनी शब्दाला हात घातला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. परत देण्यासाठी आधी काहीतरी दिलेले असले पाहिजे. हे दोघे एक दिवसही एकत्र राहिलेले नाहीत. मग ‘पुन्हा’ कसले सुरू करायचे? या दाव्याला पुनर्स्थापना म्हणणे हेच चूक आहे. हा तर पहिल्यांदाच स्थापन करण्याचा दावा आहे, आणि तसा दावा मंजूर करायला मला इंग्लंडच्या कायद्यात आधार दिसत नाही आणि हिंदूंच्या शास्त्रातही नाही. नको असलेल्या तरुण बाईला तिच्या मनाविरुद्ध माणसाच्या हवाली करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले, आणि तसे त्यांनी लिहिले. दावा फेटाळला.

ज्या स्वाध्यायाला बसतात त्यांना इथे एक गोष्ट चटकन आठवेल. नयांचे सात प्रकार आपण पाठ केलेले असतात आणि शब्दनय, समभिरूढनय, एवंभूतनय इथे आलो की जांभया येतात. मलाही यायच्या. एवंभूतनय सांगतो की शब्दात जी क्रिया आहे ती प्रत्यक्ष घडत असेल तेव्हाच तो शब्द त्या वस्तूला लावावा. पुजारी पूजा करत असतानाच पुजारी. व्यवहारनय म्हणतो, एवढे ताणू नका, लोक ज्याला जे म्हणतात ते म्हणा. पंडितजी हे शिकवायचे तेव्हा मला वाटायचे, या केस चिरण्याचा संसारात काय उपयोग! १८८५ च्या त्या कोर्टात एका वीस वर्षांच्या मुलीचे सगळे आयुष्य शब्द कुठल्या नयाने वाचायचा यावर टांगलेले होते. पिन्हे यांनी शब्दाची क्रिया पाहिली. ‘पुन्हा’ म्हटलेत, तर आधीचे दाखवा.

निकालावर गदारोळ झाला. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक आनंदले. रखमाबाईंनी त्याच वर्षी ‘अ हिंदू लेडी’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर आणि विधवांच्या स्थितीवर पत्रे लिहिली होती, त्यांचीही चर्चा वाढली. टिळकांच्या पत्रांनी निकालावर कडक टीका केली. परकी कोर्टे आमच्या लग्नांत ढवळाढवळ करणार, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, परकी सत्ता होती हे खरेच. पण गंमत बघा, ज्या दाव्याच्या बचावासाठी धर्म बुडाल्याची हाकाटी झाली तो दावाच मुळी परका होता. इंग्लंडच्या चर्चमधून आलेला! हे तेव्हा किती जणांनी ध्यानात घेतले कोण जाणे.

दादाजीने अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला. त्यांचे म्हणणे असे की, हिंदूंमध्ये लग्न विधी झाल्याबरोबर पुरे होते, मग ती दोघे एकत्र राहिलेली असोत वा नसोत. तेव्हा पहिल्यांदा आणि पुन्हा हा फरक इथे लागू नाही. खटला परत खाली पाठवला. म्हणजे व्यवहारनय जिंकला म्हणायचा. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदी चूक होते असेही मला म्हणवत नाही. आपणही सप्तपदी झाली की मुलगी दिली असेच म्हणतो. ‘दिली’ या शब्दातच सगळे आले.

४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यावेळच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद होतीच. रखमाबाईंनी तुरुंग पत्करीन पण जाणार नाही असे कळवले. बावीस वर्षांच्या होत्या. मी बावीस वर्षांची असताना मला कोणती साडी नेसू हेसुद्धा सासूबाईंना विचारावे लागे.

त्या हुकुमाची बातमी इंग्लंडपर्यंत गेली. तिथल्या लोकांना लाज वाटण्याचे कारणही होते. जॉर्जिना वेल्डन नावाच्या बाईच्या प्रकरणानंतर इंग्लंडने अशा हुकुमासाठी तुरुंगात टाकणे १८८४ मध्ये, म्हणजे दादाजीची नोटीस आली त्याच वर्षी, बंद केले होते. त्यांच्या घरी बंद झालेली शिक्षा आमच्या घरी चालूच. शेवटी १८८८ च्या जुलैत तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्याने हुकमाची बजावणी न करण्याचे कबूल केले. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. पण लग्न मोडलेही नाही, कारण त्या कायद्यात मोडण्याची सोयच नव्हती.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ मध्ये लंडनला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, परत येऊन आधी सुरतेला आणि पुढे राजकोटला वर्षानुवर्षे बायकांचे दवाखाने सांभाळले. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. ज्या माणसाच्या घरी पाऊल टाकायला नको म्हणून तुरुंग पत्करला, त्याच्यासाठी पांढरी साडी? की लोकांनी निदान आता तरी आपल्याला गप्प राहू द्यावे म्हणून? माझ्या जाऊबाई म्हणाल्या, “कायद्याने बायको होतीच ना ती.” बरोबर आहे. कायद्याने होती.

या सगळ्यात मला आपला मराठी शब्द फार आठवत राहिला. आपल्याकडे ‘पुनर्स्थापना’ कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, नांदायला जाणे. लालबागला आमच्या चाळीत लहानपणी ऐकायचे, “अमकीने नांदायला येण्याचा दावा लावलाय,” “तमक्याला बायको नांदवायचीच नाही.” नांदणे हा शब्द ज्या संस्कृत धातूवरून आला तो आनंदाचा धातू आहे, नंद्. म्हणजे नांदणे म्हणजे नुसते राहणे नव्हे, सुखाने राहणे. घरात लक्ष्मी नांदते म्हणतो, गोकुळ नांदते म्हणतो. ओलीस ठेवलेला माणूस नांदतो असे कोणी म्हणणार नाही. इंग्रजी शब्दात वस्तू परत मिळवण्याचा भाव आहे, मराठी शब्दात सुखाचा. आणि कोर्टाचा हुकूम नेमका तो सुखाचा भाग सोडून बाकीचे सगळे देऊ शकतो.

तुरुंगाची शिक्षा आपल्याकडे १९२३ च्या दुरुस्तीने गेली. रखमाबाई तेव्हा साठीला टेकल्या होत्या. स्वातंत्र्य आले. मग १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा लागू झाला. त्यात घटस्फोट आला, बायकोला दाद मागायचे मार्ग आले. आणि कलम ९ म्हणून ती पुनर्स्थापनाही आली, जशीच्या तशी. रखमाबाई तेव्हा हयात होत्या, नव्वद वर्षांच्या, मुंबईतच. २५ सप्टेंबर १९५५ ला त्या गेल्या. शेवटचे चार महिने ते कलम आणि त्या एकाच शहरात होत्या. इंग्लंडने स्वतः हा उपाय १९७० च्या कायद्याने काढून टाकला.

आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. बाईच्या शरीरावरचा तिचा हक्क यात जातो, असे न्यायमूर्ती चौधरींनी लिहिले. दुसऱ्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य करून कलम वैध धरले. संसार मोडू नये यासाठी त्याचा सामाजिक उपयोग आहे, असे त्यांचे म्हणणे. ते कलम आजही तिथेच आहे.

आता परळच्या मुलीकडे येते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एका वकीलबाईंकडे गेलो. बाईंनी आईच्या एकेका प्रश्नाला उत्तर दिले. मी जाताना एक वही नेली होती, दोन रकान्यांची. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. (जमा-खर्चाची सवय!) त्यातले थोडे इथे देते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे पाकीट आले तर रात्रभर रडण्यापूर्वी निदान हे माहीत असावे. मी वकील नाही, मी फक्त वही लिहिणारी.

वडिलांच्या मुद्द्यापासून सुरुवात केली. ‘हिंदू’ या शब्दाचा अर्थ. आपण जैन आहोत, आपला धर्म वेगळा आहे, २०१४ पासून आपल्याला देशपातळीवर अल्पसंख्याकांचा दर्जाही आहे. पण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे की हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू. म्हणजे धर्म सांगताना आपण जैन, आणि लग्नाच्या कायद्यापुरते ‘हिंदू’ या शब्दाच्या छपराखाली. हा गोंधळ फक्त आपल्या वडिलधाऱ्यांचाच नाही बरे का! २०२५ च्या फेब्रुवारीत इंदूरच्या कौटुंबिक न्यायालयात एका जैन जोडप्याचा परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज, जैनांना हा कायदा लागू नाही म्हणून फेटाळला गेला. मार्चमध्ये मध्य प्रदेश हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि कायद्यातच जैनांचा उल्लेख आहे याकडे बोट दाखवले. न्यायाधीश अडखळले तिथे मुलीचे वडील अडखळले तर काय नवल? मी त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांचा राग जरा उतरला.

मग ‘एकतर्फी’. पाकीट घेतले नाही, तारखेला गेलो नाही, म्हणजे प्रकरण थांबले, असे आपल्या बायकांना वाटते. उलट होते. कोर्ट समोरच्याचेच ऐकून निकाल देऊ शकते, त्याला एकतर्फी निकाल म्हणतात. पाकीट परत पाठवणे हा सगळ्यात वाईट मार्ग होता, आणि आम्ही त्याच्या अगदी जवळ पोचलो होतो.

‘हुकूमनामा’ म्हणजे डिक्री, कोर्टाचा अंतिम आदेश. ‘दरखास्त’ म्हणजे आपण समजतो तसा साधा अर्ज नव्हे, हुकूमनाम्याची बजावणी व्हावी म्हणून केलेली मागणी. ‘जप्ती’ म्हणजे मालमत्ता अटकवणे. पुनर्स्थापनेचा हुकूमनामा झाला तरी पोलीस येऊन मुलीला उचलून नेत नाहीत, तिला तुरुंगही नाही. तो न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, एवढेच. हे ऐकून आईने पहिल्यांदा पदराने डोळे पुसले आणि पाण्याचा ग्लास उचलला. १९२३ च्या त्या एका दुरुस्तीचा अर्थ मला पुस्तकात कळला नव्हता, तो त्या ग्लासात कळला.

आणखी एक, जे मला स्वतःला धक्का देऊन गेले. हुकूमनामा झाल्यावर वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कुणालाही त्याच कारणावर घटस्फोट मागता येतो. ही सोय १९६४ च्या दुरुस्तीने आली, तेव्हा मुदत दोन वर्षांची होती, १९७६ मध्ये ती एक वर्षावर आली. म्हणजे ‘परत ये’ असे सांगणारा कागद कधी कधी खरोखर परत बोलावण्यासाठी असतो, आणि कधी सुटण्याच्या जिन्याची पहिली पायरी असते. पोटगीचा अर्ज हाणून पाडण्यासाठीही तो लावतात. बोलावले होते, आली नाही, मग पोटगी कसली? २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की असा हुकूमनामा झाला तरी बायकोकडे न जाण्याचे सबळ कारण असेल, तर तेवढ्यावरून तिची पोटगी जात नाही. कागदावरचे शब्द तेच, मागचा हेतू मात्र प्रत्येक घरी निराळा.

वकीलबाईंनी मुलीला विचारले, “तुला काय हवंय?” तोवर आम्ही तिघींनी हे तिला विचारलेच नव्हते. तिची आई, मी, सगळ्या शब्दांच्या मागे. ती म्हणाली, “मला परत जायचं नाही असं नाही. पण ज्या घरातून आले त्याच घरात, तसंच, परत नको.” वकीलबाई म्हणाल्या, हेच तुझ्या कैफियतीत लिहायचे. कैफियत म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर. आपण कैफियत म्हणजे गाऱ्हाणे समजतो. मी वहीत लिहून घेतले.

तेव्हा मला पिन्हेसाहेब आठवले. ते विचारत होते, ‘पुन्हा’ म्हणता, पण आधी काय होते? ही मुलगीही तेच विचारते आहे, उलट्या बाजूने. आधी जे होते तेच पुन्हा द्यायचे असेल, तर ते मला नको आहे.

कैफियत दाखल झाली आहे. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकांपुढे दोघांना एकदा बोलावले होते, आता पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. वही मी तिलाच देऊन टाकली. परवा संध्याकाळी आली तेव्हा तिने दाखवली. शेवटच्या पानावर डाव्या रकान्यात तिने आपल्या अक्षरात ‘नांदणे’ लिहिले आहे. उजवा रकाना अजून कोरा आहे. मी काही विचारले नाही, चहा टाकला.